गाडी म्हणजे बिंदू नव्हे

अकरावीच्या भौतिकशास्त्रात वळणावरच्या गाडीचे एक गणित हमखास असते. सपाट रस्त्यावर ३० मीटर त्रिज्येचे वळण आहे, टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणांक ०.७ आहे, तर गाडी न घसरता जास्तीत जास्त किती वेगाने वळू शकेल? घर्षणांक, त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर येते सेकंदाला १४.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर. वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जाते, ते का उडते हे आपण समजावून सांगतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो.

या गणितात सगळे काही आहे, फक्त गाडी नाही. लांबी नाही, रुंदी नाही, उंची नाही, चाके नाहीत. आहे तो एक बिंदू. वर्तुळाकार गतीचे नियम हायगेन्सने १६७३ मध्ये प्रसिद्ध केले. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते हे आमाँताँने १६९९ मध्ये मांडले आणि कुलोमने १७८५ च्या सुमारास प्रयोगांनी पक्के केले. म्हणजे वरचे गणित अठराव्या शतकाच्या अखेरीस कुणालाही सोडवता आले असते. पण वळणावर खरी गाडी काय करते हे कळायला त्यानंतर दीड शतक जावे लागले, आणि मधल्या काळात बरीच माणसे त्यापायी मेली.

गोष्ट सुरू होते घोडागाडीपासून. दोन चाकांच्या बैलगाडीला किंवा टांग्याला वळण्याची अडचण नसते. दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात, बैल वळले की गाडी वळते. अडचण येते ती चार चाके आल्यावर. जुनी युक्ती म्हणजे पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीभोवती फिरवायचा. मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांची पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान असत हे आठवत असेल. वळताना ती बैठकीच्या खाली जाता यावीत म्हणून ती लहान. पण आस तिरका झाला की गाडीचा जमिनीवरचा पाया चौकोनी न राहता त्रिकोणाकडे झुकतो आणि नेमक्या वळणावरच गाडी कलंडायला सोपी होते.

हा दोष इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावच्या एका डॉक्टरने हेरला. रोग्यांना तपासायला तो खराब रस्त्यांवरून सतत घोडागाडीने फिरत असे. त्याचे नाव एरॅस्मस डार्विन, उत्क्रांतिवाद मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचा आजोबा. १७५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने अशी रचना काढली की आस स्थिर राहील आणि पुढची दोन चाके आपापल्या खिळीभोवती वळतील. आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, बाहेरचे मोठ्या वर्तुळावर. त्यामुळे आतले चाक थोडे अधिक वळले पाहिजे, आणि चारही चाकांच्या आसांच्या रेषा वाढवल्या तर त्या एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत. हा भूमितीतला सुंदर विचार आहे. कागदावर दोन समकेंद्री वर्तुळे काढून विद्यार्थी तो दहा मिनिटांत पडताळू शकतात. डार्विनने पेटंट घेतले नाही. पुढे म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या गाडी-कारागिराने तीच कल्पना स्वतंत्रपणे काढली आणि त्याच्या वतीने लंडनमधील चित्रप्रकाशक रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये तिचे इंग्रजी पेटंट घेतले. आज जगभर तिला आकरमानचे नाव आहे. ज्याने शोधली तो बाजूला आणि अर्ज भरणारा अमर, असे विज्ञानाच्या इतिहासात नेहमीच घडते. डार्विनच्या वाट्याला मात्र १७६८ मध्ये गाडी उलटून गुडघ्याची वाटी फुटणे आले आणि तो जन्मभर थोडा लंगडत राहिला.

आकरमानच्या भूमितीत एक गृहीतक दडलेले आहे. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला ते जाते, हे ते गृहीतक. लोखंडी धावेच्या चाकासाठी आणि घोड्याच्या चालीसाठी ते ठीक होते. मग हवेचे टायर आले. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये पेटंट घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी १८८८ मध्ये ते पुन्हा शोधले. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार पळवली. वाटेत टायर पुन्हा पुन्हा फुटले, पण मोटारीची दिशा त्या दिवशी ठरली.

हवेचे टायर लवचीक असते, आणि इथेच सगळे गणित बदलते. वळणावर टायरचा जमिनीला टेकलेला भाग रस्त्याला धरून असतो, तर चाकाची धाव बाजूला ओढली जात असते. टायर मुरडते. चाक पुढे फिरते तेव्हा रबराचा प्रत्येक नवा भाग आधीच्यापेक्षा किंचित बाजूला टेकतो. परिणाम असा की चाकाचे तोंड एका दिशेला आणि त्याची वाटचाल थोड्या वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधील कोनाला इंग्रजीत स्लिप अँगल म्हणतात. आपण त्याला सरक-कोन म्हणू. नाव फसवे आहे, कारण कोन दोन-तीन अंशांचा असेपर्यंत टायर फारसे घसरत नाही, ते मुरडलेले असते. महत्त्वाची गोष्ट अशी की हा कोन असल्याशिवाय टायर बाजूचे बल देऊच शकत नाही. कोन वाढला की बल वाढते. एका मर्यादेनंतर वाढ मंदावते, शिखर येते आणि मग रबर खरोखर घसरू लागते.

हे प्रथम स्पष्टपणे ओळखले ते फ्रान्सच्या जॉर्ज ब्रुलिए याने, १९२५ मध्ये, आणि तेही भलत्याच प्रश्नाच्या मागे असताना. त्या काळात कमी दाबाची रुंद टायरे आणि पुढचे ब्रेक आले होते आणि गाड्यांची पुढची चाके ठराविक वेगाला पिसाटासारखी थरथरू लागत. या थरथरीचे कारण शोधताना ब्रुलिएला सरक-कोनाची कल्पना सुचली. वळणावरच्या गाडीचा विचार त्याने फारसा केला नव्हता.

त्या सुमारास गाडीला वळणावर काबूत ठेवण्याचे ज्ञान अभियंत्यांकडे नव्हते, ते चालकांच्या अंगात होते. एन्झो फेरारीने आपल्या आठवणींत ताझिओ नुवोलारीची एक हकीकत सांगितली आहे. १९३१ मधल्या एका शर्यतीच्या सरावात फेरारी त्याच्या अल्फा रोमिओत शेजारी बसला. पहिल्याच वळणावर त्याला वाटले, याचा अंदाज चुकला, आता आपण खड्ड्यात. नुवोलारीने वळण येण्याच्या फार आधी गाडीचे नाक आतल्या कडेकडे वळवले होते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नव्हता. गाडी चारही चाकांवर तिरकी सरकत वळणातून गेली आणि पुढचा सरळ रस्ता आला तेव्हा तिचे तोंड बरोबर त्याच दिशेला होते. तेच पुढच्या वळणाला, तेच त्याच्या पुढच्या. नुवोलारीला सरक-कोन हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या काळच्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरांना सर्वाधिक बल मोठ्या सरक-कोनाला मिळत असे, आणि चारही टायर त्या शिखराच्या आसपास ठेवणे हे तो हातापायांनी करत होता. आजचे रेडियल टायर बरेच लहान कोनात शिखर गाठते. म्हणून हल्लीच्या शर्यतीत गाड्या रुळावरून चालल्यासारख्या दिसतात आणि जुन्या चित्रफितींतल्या गाड्या नाचल्यासारख्या. हल्लीचे चालक घाबरट झाले आहेत असे मुळीच नाही.

हे ज्ञान कागदावर आणले मॉरिस ऑली याने. वेल्समध्ये जन्मलेला हा अभियंता रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतील कारखान्यातून १९३० मध्ये जनरल मोटर्समध्ये आला. त्याला शोधायचे होते ते गाडीतला बसका सुखाचा कसा होईल हे. पुढे-मागे वजने सरकवता येतील अशी एक विचित्र गाडी त्याने बनवून घेतली, माणसे बसवून फिरवली आणि पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा नरम असाव्यात हे शोधून काढले. पण पुढची चाके स्वतंत्र आणि नरम टेकूवर बसवल्यावर गाडीचे वळणावरचे वागणेही बदलले, आणि ते का बदलले हे ऑलीला सोडवेना. तोवर टायर कंपन्याही फिरत्या पिंपावर टायर तिरके दाबून बलाचे आलेख काढू लागल्या होत्या. ऑलीने दोन्ही गोष्टी जोडल्या.

त्याचे उत्तर साधे होते. पुढच्या टायरांचा सरक-कोन मागच्यांपेक्षा जास्त असेल तर गाडी स्टिअरिंगने मागितले त्याहून कमी वळते, नाक बाहेर जाऊ पाहते. हे अंडरस्टिअर. मागच्यांचा जास्त असेल तर शेपूट बाहेर जाते आणि गाडी मागितल्यापेक्षा जास्त वळते. हे ओव्हरस्टिअर. पिसे मागे लावलेला बाण जसा सरळ राहतो, तशी अंडरस्टिअर गाडी आपोआप सरळ होऊ पाहते. ओव्हरस्टिअर गाडी म्हणजे पिसे पुढे लावलेला बाण. तिचा एक विशिष्ट वेग असतो, त्यापुढे ती सरळ रस्त्यावरसुद्धा अस्थिर होते आणि चालकाला सतत सावरत राहावे लागते. अंडरस्टिअर गाडीत घाबरलेला माणूस जे करतो, म्हणजे पाय उचलतो आणि स्टिअरिंग आणखी वळवतो, ते बहुधा चालून जाते. ओव्हरस्टिअर गाडीत तेच केले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून सर्वसामान्यांसाठीच्या बहुतेक गाड्या आज मुद्दाम थोड्या अंडरस्टिअर बनवतात. उत्साही चालक त्याबद्दल कुरकुर करतात. मला ती कुरकुर पटत नाही.

यातला एक मुद्दा शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे, कारण तो पाठ्यपुस्तकातल्या नियमाला छेद देतो. घर्षण दाबाच्या सम प्रमाणात असते असे आपण शिकवतो. टायरचे तसे नसते. दाब दुप्पट केला तर बाजूचे बल दुपटीपेक्षा कमीच वाढते. आता वळणावर काय होते पाहा. दोन चाकांतले अंतर १.४ मीटर, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंचीवर, आणि बाजूचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट धरले, तर गाडीच्या वजनाचा ०.२४ इतका भाग आतल्या चाकांवरून बाहेरच्यांवर जातो. बाहेरच्या दोन चाकांवर जवळजवळ ७४ टक्के आणि आतल्या दोन चाकांवर २६ टक्के. बाहेरच्या टायरांना झालेला फायदा आतल्यांच्या तोट्याइतका नसतो, त्यामुळे एकूण पकड घटते. शिवाय ही अदलाबदल पुढे जास्त व्हावी की मागे, हे अभियंता ठरवू शकतो. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक पिळदार पोलादी दांडी बसवली की पुढची पकड अधिक घटते आणि गाडी अंडरस्टिअरकडे झुकते. टायरमधली हवा कमी-जास्त करूनही तेच साधता येते, आणि त्यावरून पुढे मोठे रामायण घडले.

१९६० साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेअर ही गाडी काढली. इंजिन मागे, त्यामुळे वजन मागे. मागची चाके झुलत्या आसांवर होती. असा आस गाडीच्या मध्याजवळ बिजागरीसारखा जोडलेला असतो. जोरात वळताना गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला की बाहेरचे चाक खाली आत मुडपते आणि त्याची पकड एकदम सुटते. कंपनीला हे ठाऊक होते. उपाय म्हणून तिने पुढच्या टायरांत १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा ठेवायला सांगितले. कमी हवेचे पुढचे टायर जास्त मुरडते, सरक-कोन वाढतो, गाडी अंडरस्टिअर राहते. भौतिकशास्त्र बिनचूक होते. पण पेट्रोल पंपावरचा पोऱ्या चारही टायरांत सारखी हवा भरून मोकळा होत असे आणि मालकालाही त्यात काही गैर वाटत नसे. मागच्या इंजिनाबरोबर झुलते आस ही जोडी धोक्याची आहे, असे ऑलीने १९५३ मध्येच युरोपातल्या गाड्यांविषयी लिहून ठेवले होते, आणि तो जनरल मोटर्सचाच माणूस! पुढची पिळदार दांडी सुरुवातीला पैसे वाचवण्यासाठी वगळली गेली आणि १९६४ च्या गाड्यांत बसवली गेली.

राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये मोटार कंपन्यांवर पुस्तक लिहिले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. कंपनीने त्याच्यामागे खासगी हेर लावले, ते उघडकीला आले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. गंमत अशी की त्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या सरकारी संस्थेने १९७२ मध्ये कॉर्व्हेअरची चाचणी घेतली आणि समकालीन गाड्यांपेक्षा ती वाईट नाही असा निष्कर्ष काढला. नेडरला तो मान्य नव्हता. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, कारण समकालीन गाड्याही काही फार चांगल्या नव्हत्या. आणि गाडीची स्थिरता जर हवेच्या दाबातल्या ११ पौंडांच्या फरकावर टांगलेली असेल, तर दोष हवा भरणाऱ्यावर टाकता येत नाही.

दरम्यान सिद्धांताची बाजूही पूर्ण होत आली होती. बफेलोमधील कॉर्नेल विमान-प्रयोगशाळेत विल्यम मिलिकन आणि लिओनार्ड सेगेल यांनी विमानाच्या स्थिरतेची समीकरणे मोटारीला लावली आणि प्रत्यक्ष गाडीवर मापने घेऊन ती जुळतात हे दाखवले. त्यांचे निबंध १९५६ मध्ये लंडनच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचले गेले. मिलिकन आधी बोइंगमध्ये विमानांच्या चाचण्या घेत असे आणि हौसेने शर्यतीत उतरत असे. १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत त्याची बुगाटी एका वळणावर उलटली. त्या वळणाला पुढे मिलिकनचे नाव पडले! तो १०१ वर्षे जगला आणि २०१२ मध्ये वारला.

जर्मनीत श्टुटगार्टच्या वुनिबाल्ड काम या प्राध्यापकाच्या नावाने ओळखले जाणारे एक वर्तुळ तर वर्गात सहज शिकवण्यासारखे आहे. टायर देऊ शकेल तेवढे कमाल बल म्हणजे वर्तुळाची त्रिज्या. ब्रेकचे बल एका अक्षावर, वळण्याचे दुसऱ्यावर. दोन्हींची सदिश बेरीज वर्तुळाबाहेर जाऊ शकत नाही. ब्रेकसाठी ६० टक्के वापरले तर वळण्यासाठी ४० नव्हे, ८० टक्के उरते. पायथागोरसचा ३-४-५ त्रिकोण! ब्रेकसाठी ८० टक्के वापरले तर ६० उरते, आणि ब्रेक पूर्ण दाबून चाके जाम केली तर वळण्यासाठी शून्य उरते. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ जाते. वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा, वळणात एकसारखा हलका पाय ठेवावा, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा वेग वाढवावा, या चालकांच्या जुन्या शिकवणुकीचे कारण या एका वर्तुळात आहे.

शर्यतीतली दुसरी शिकवण म्हणजे बाहेरून आत येऊन पुन्हा बाहेर जाणे. काटकोनी वळण, आतल्या कडेची त्रिज्या २० मीटर आणि वापरता येण्याजोगी रुंदी ५ मीटर घेतली, तर मधल्या रेघेची त्रिज्या २२.५ मीटर होते. बाहेरच्या कडेला सुरू होऊन आतल्या कडेला टेकून बाहेरच जाणाऱ्या कंसाची मात्र सुमारे ३७ मीटर. वेग त्रिज्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे २८ टक्के जास्त. पण हे शर्यतीच्या बंद रस्त्यावर. आपल्या घाटात स्वतःची बाजू न सोडता जेमतेम दीड मीटर इकडे-तिकडे करता येते आणि फायदा दहा टक्क्यांवर येतो. त्या बदल्यात आतल्या डोंगराला लवकर चिकटल्यामुळे समोरचे दिसत नाही. घाटात समोरून आपल्या बाजूला आलेली गाडी दिसते, तेव्हा तिचा चालक नकळत हेच २८ टक्क्यांचे गणित करत असतो.

रस्ते बांधणारे लोक या बाबतीत अभियंत्यांपेक्षा सावध. भारतातल्या महामार्गांच्या आखणीत बाजूचा घर्षणांक फक्त ०.१५ धरतात आणि सपाट मुलखात रस्त्याला जास्तीत जास्त ७ टक्के उतार देतात. यातून ताशी ८० किलोमीटरसाठी २३० मीटर त्रिज्या येते. कोरड्या डांबरावर टायर ०.७ देऊ शकत असताना ०.१५ का? कारण पाऊस, गुळगुळीत टायर, सांडलेले तेल, वाळू आणि वळणात मारलेला ब्रेक या सगळ्यांसाठी वर्तुळात जागा ठेवावी लागते.

शेवटचे मोठे पाऊल इलेक्ट्रॉनिक्सचे. चाके जाम होऊ न देणारे इलेक्ट्रॉनिक ब्रेक १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आले. त्यापुढे जाऊन बॉश कंपनीतल्या आंटोन फान झान्टेन आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावून गाडीचे गिरकी घेणे थांबवणारी यंत्रणा बनवली. स्टिअरिंगच्या कोनावरून चालकाला किती वळायचे आहे हे ती काढते, गाडी उभ्या अक्षाभोवती प्रत्यक्ष किती फिरते हे मोजते आणि दोन्ही जुळत नसतील तर एखादे चाक क्षणभर धरते. शेपूट बाहेर जात असेल तर बाहेरचे पुढचे, नाक बाहेर जात असेल तर आतले मागचे. ऑलीची व्याख्याच इथे सेकंदाला कित्येक वेळा तपासली जाते. १९९५ मध्ये ही यंत्रणा महागड्या गाडीत आली आणि तिथेच राहिली असती. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-मासिकाने मर्सिडीजच्या नव्या, लहान, उंच गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक आलेले सांबरासारखे मोठे जनावर चुकवायचे, एवढीच ती चाचणी. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास गाडी उलटली. कंपनीने गाड्यांचे वाटप थांबवले, बदल केले आणि सर्वांत स्वस्त गाडीतही ही यंत्रणा बसवून दिली. मग इतरांनाही ती देणे भाग पडले. अमेरिकेत २०१२ सालच्या सर्व नव्या मोटारींना आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासूनच्या सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

ही यंत्रणा चारही टायर वर्तुळाच्या कडेवर एकसारखे वापरून घेते, पण वर्तुळ मोठे करू शकत नाही. सुरुवातीच्या गणितात ०.७ ऐवजी ओल्या रस्त्यासाठी ०.४ घाला. वेग ताशी ३९ किलोमीटरवर येतो. त्यातून ब्रेकसाठी ६० टक्के पकड वापरली आहे असे समजून वळणाचा वेग पुन्हा काढायला विद्यार्थ्यांना सांगावे. बहुतेक जण ३९ ला ०.८ ने गुणतील. वर्गमूळ विसरल्याचे एखाद्याच्या तरी लक्षात येईल आणि खरे उत्तर ३५ च्या जवळ मिळेल. मग वजनाची अदलाबदलही गणितात कशी आणायची, असा प्रश्न कुणी विचारला तर ऑलीची ती वजने सरकवायची गाडी त्यांना फळ्यावर काढून दाखवता येईल.